विद्या टायपिस्ट नव्हती

टायपिस्ट म्हणे! अहो, छापायच्या आधी मला एक फोन केला असता तर बोटं झिजली असती का? कुळगावच्या आपल्या मंडळाची स्मरणिका काल हातात आली. ‘आपल्या लेकी’ या पानावर माझ्या नणंदेचा, विद्याचा फोटो... आणि खाली काय, तर ‘कॉम्प्युटरवर टायपिंग करीत असे’.

मी चौथीपर्यंत शिकलेली. पण तिने काय केलं ते मला माहितीय, कारण मी समोर होते.

नव्वदीतली गोष्ट. मी उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्स शिवायला जायचे, येताना अंबरनाथला उतरून विद्याला तिच्या ऑफिसातून घेऊन घरी. जमिनीखालचं तेल कुठे विहीर पाडली तर किती निघेल, हे आधी कॉम्प्युटरवर बघून कंपन्यांना सांगायचं, असं तिथलं काम.

मला वाटायचं, तेल तळ्यासारखं साठलेलं असतं. “नाही गं वहिनी, दगडात मुरलेलं असतं. स्पंजात पाणी असतं तसं.” त्या दगडाचे हजारो बारीक चौकोन करायचे, आणि एकेका चौकोनातून तेल कसं सरकेल याचं गणित मशीनने करायचं. करतच बसायचं ते... आठवडा संपला तरी.

आणि आपल्याकडे शुक्रवार! कारखान्यांना सुट्टी, लाइट बंद. गणित अर्धवट असलं की सगळं पुसलं, शनिवारी पुन्हा पहिल्यापासून. मला कळेचना. लाइट गेली तरी माझ्या मशीनवरचा टाका जिथल्या तिथे असतो, आली की पुढे शिवायचं. “याची अख्खी शिवणच उसवते,” विद्या म्हणाली. रडवेली झाली होती. त्या महिन्यात उत्तर गेलं नाही तर काम दुसरीकडे जाणार होतं, आणि तिची नोकरीही.

मग तिने चौकोन कमी केले. सरसकट नाही हं, सरसकट मोठे केले की उत्तर चुकतं. विहिरीजवळ बारीकच ठेवले, आणि लांब जिथे फार काही हलत नाही तिथले कितीतरी मिळून एक केला.

साहेब भडकले. “शॉर्टकट मारतेस? त्यापेक्षा घरी भाकऱ्या थाप.” माझ्या अगदी ओठांवर आलं होतं... विद्याने डोळ्यांनीच गप्प केलं.

तिचं गणित गुरुवारी दुपारी संपलं. लाइट असताना! पण साहेबांना पटेना. त्यांनी पारखायला म्हणून जुनं, सगळ्या चौकोनांचं गणित मुंबईच्या मोठ्या मशीनवर टाकायला लावलं.

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी मी दारात उभी असतानाच मुंबईचा फोन आला. साहेब नुसतं “हां... हां...” फोन ठेवला, आणि म्हणाले, “जवळजवळ तेच आलंय.”

सुट्टीच्या आदल्या दिवशी तिथे मशीनची पूजा व्हायची. नारळ साहेबच फोडायचे, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. त्या दिवशी त्यांनी तो विद्यापुढे धरला. “घे. आज तू फोड.” एका फटक्यात फोडला पोरीने! खोबरं मी शेअर रिक्षात पदरात धरून आणलं. घरी पोचायच्या आधी चार दारांत उगाचच थांबले.

पुढे ती बडोद्याला गेली, जन्मभर हेच काम केलं, पोरापोरींना शिकवलं. काल फोन केला तर म्हणते, “जाऊ दे ना वहिनी.” का म्हणून जाऊ दे?

शिरीषभाऊ, मंडळाचे सेक्रेटरी तुम्ही. दुरुस्ती कधी छापताय ते शुक्रवारच्या आत इथेच, मंडळाच्या ग्रुपवर, सगळ्यांसमोर सांगा. आणि लाइट नव्हती, हे कारण मला सांगायचं नाही!