चुलीत भाजलेली माती

तापल्या मातीवर पाणी पडल्याचा वास आला की मला पन्नास सालानंतरच्या दिवसांतली, मूल गावाजवळच्या माझ्या सासरची घरामागची भाजीपाल्याची बाडी आठवते. पहिलं बाळ पोटातच गेलं होतं, पुन्हा दिवस राहिले होते आणि मला मातीचे डोहाळे लागले होते. वांग्याच्या वाफ्यातलं ओलं ढेकूळ तोंडाशी नेलं, तेवढ्यात सासूने मनगट धरलं. "तिथली नोको खाऊ वं, मांजर तिथीच घाण करते!" मला रडू फुटलं, वाटलं, आता बोलणी बसतील. तिने मात्र तलावाच्या पाळीवरून चिकणमाती आणली, चुलीत लाल होईपर्यंत भाजली, गार करून फोडली. अर्धी मला दिली, अर्धी स्वतःच्या तोंडात टाकली. "मले बी अशीच हाव सुटे," म्हणाली. त्या खेपेला मुलगी झाली, खणखणीत रडली. परवा तिच्या गरोदर लेकीला, म्हणजे माझ्या नातीला, दवाखान्यात सांगितलं की मांजर घाण करतं त्या मातीला हात लावू नका, पोटातल्या बाळाला रोग होतो. सासूला तो रोग माहीत नव्हता. तिला फक्त मांजराची किळस होती. घरी आल्यावर नात माझ्या कानाशी लागली, "आजी, मले माती खावीशी वाटून राह्यली." मी उठून चूल पेटवली.