गल्लीभर सण, घरात ईद

शिलाईच्या दुकानात चिंध्या आणि घरात किस्से, दोन्ही गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साचतात! सिंदी रेल्वे गावातल्या आमच्या गल्लीत मुसलमानांचं घर एकच, आमचं. आयेशा नऊ वर्षांची, झैद पाचाचा. मला एकच धाकधूक असायची. वर्षभर शेजारच्या सणांचा झगमगाट बघून माझ्या पोरांना आपली ईद फिकी तर वाटणार नाही?

*

शेजारच्या कल्पनाताईंकडे गणपतीत झैद रोज हजर. हातात मोदक आला की मोठ्यानं "बिस्मिल्ला!" आणि मग घास. मी लाजून चूर!

ताई म्हणाल्या, "राहू दे वं! आमचा सोहम बी आता बिस्मिल्ला म्हणल्याबिगर डबा उघडत नाई!"

*

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरं लाकडी बैल सजवून मिरवतात. टेलरच्या पोराचा बैल साधा कसा राहील? मी हिरव्या मखमलीची झूल शिवली, सोनेरी लेस लावली. पहिलं बक्षीस!

उरलेल्या कापडाचं ईदला झैदसाठी जॅकेट शिवलं. बघताच पोरगं कोपऱ्यात जाऊन बसलं.

"अम्मी, मले नमाजाले नेऊन राह्यली का पोळ्यात?"

शेवटी साध्या शर्टावरच गेला.

*

कल्पनाताई चतुर्थीचा उपास चंद्र बघून सोडतात. त्यामुळे ईदचा चांद शोधायला हक्कानं आमच्या गच्चीवर आल्या आणि पूर्वेकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

आयेशा ओरडली, "काकू, तिकडं नाई, पश्चिमेले पाहा!"

"असं कसं? माहा चंद्र त इकडूनच निघते!"

मग वळल्या आणि कोर सगळ्यांत आधी त्यांनाच दिसली.

*

यंदा आयेशा-सोहमच्या वर्गात निबंध होता, 'माझा आवडता सण'. मॅडमनी ताईंना आणि मला शाळेत बोलावलं.

"पोरांनी वह्या बदलल्या का हो? आयेशानं दिवाळी लिहिली आणि सोहमनं ईद!"

ज्याची भीती होती तेच झालं! मी कुठं कमी पडले? खूप वाईट वाटलं मला.

ताईंनी सोहमची वही घेतली आणि वाचू लागल्या, "ईदला आई आयेशाच्या घरी आरामात बसून शीरखुर्मा खाते आणि हसते. आमच्या सणाला ती बसतच नाही..."

पुढं त्यांना वाचवेना.

मी आयेशाची वही उघडली. 'मला दिवाळी आवडते. ईदला अम्मी दिवसभर किचनमध्ये असते. दिवाळीला ती काकूंच्या घरी माझ्याजवळ बसते. आम्ही एका ताटात चकल्या खातो.'

मॅडमनी पुन्हा विचारलं, "मग? बदलल्या ना वह्या?"

ताईंनी पदरानं डोळे पुसले.

"नाई मॅडम. ज्याच्या त्याच्याच हायेत."