फाटलेले कण

त्या शुक्रवारी संध्याकाळी मी एक चांगलं काम केलं, आणि माझ्या चांगल्या कामांचं जे नेहमी होतं तेच त्याचंही झालं.

परळच्या एका प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ आहे. काचसामान, यंत्रं, फ्रीज, सगळं माझ्याकडे. तिथे फणसवाडीची एक मुलगी पीएचडी करते. पॉलिमरचे, डोळ्यांना दिसणारच नाहीत इतके बारीक कण बनवायचे, त्यांच्या पोटात औषध भरायचं आणि ते वाटेत न सांडता आजारी पेशीपर्यंत पोचवायचं, हा तिचा उद्योग. ते कण पाण्यात तरंगत असतात. बाटलीत पाहिलं तर पातळ ताक वाटावं.

तर शुक्रवारी अशी एक बाटली फ्रीजमध्ये ठेवून ती घरी गेली. फ्रीजच्या दाराचं रबर सैल झालं होतं. म्हटलं, पोरीची मेहनत खराब नको व्हायला. बाटली उचलून फ्रीझरमध्ये ठेवली. शनिवारी सकाळी लवकर येऊन नवं रबर बसवलं, बाटली परत जागेवर. उपकार बोलून दाखवायचे नाहीत, असा आपला बाणा.

अकराला तिने बाटली काढली. वर स्वच्छ पाणी, तळाला पांढऱ्या गुठळ्या. मी ते रूप ओळखलं. घोडपदेवला आमच्या घरी उरलेली सोलकढी मी लग्न झाल्यापासून फ्रीझरमध्ये ठेवत आलोय. ती दर वेळी फाटते, आणि बायको दर वेळी सांगते की नारळाच्या रसाला गोठवलेलं सोसत नाही.

कणांचा आकार मोजायच्या यंत्रासमोर बसून मुलगी हळू आवाजात म्हणाली, "काका, माझा पॉलिमरच चुकलाय. वर्ष फुकट गेलं."

सोमवारी तिची गाईडबरोबर बैठक होती. हा पॉलिमर सोडून देते, असा मेल ती लिहायलाही लागली. खरं कारण माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. मी धुतलेले दोन बीकर पुन्हा धुतले. तिसरा हातात घेतला आणि ठेवून दिला.

"मेल पाठवू नकोस," मी म्हणालो. "पॉलिमर शहाणा आहे. बाटली मी फ्रीझरमध्ये ठेवली होती."

तिने अर्धवट लिहिलेला मेल पुसून टाकला आणि म्हणाली, "आता बसा इथे. आज तुम्हाला सुट्टी नाही."

नवे कण बनवायला संध्याकाळपर्यंत मी ढवळत्या पाण्यात पॉलिमर थेंबाथेंबाने सोडत होतो. थेंब मोठा पडला की ती नुसती मान वळवायची. मधेच तिने समजावलं, की बर्फ होताना कण एकमेकांवर रेटले जातात आणि चिकटतात. गोठवायचंच असेल तर आधी साखर मिसळायची, ती मधे उभी राहते. जाताना नव्या कणांची बाटली तिने फ्रीजमध्ये ठेवली आणि त्यातलेच थोडे साखर घालून एका छोट्या बाटलीत माझ्या हातात दिले. "ही ठेवा फ्रीझरमध्ये. हौस भागवा."

सोमवारी दोन्ही बाटल्यांतले कण ठणठणीत निघाले. माझी हौसेची बाटली तर गाईडने प्रबंधात घालायला सांगितली.

रात्री जेवताना मी हे सगळं साखरेच्या शास्त्रासकट बायकोला ऐकवलं. तिने शांतपणे माझ्या वाटीत सोलकढी वाढली.

"त्या पोरीला एकदा जेवायला बोलवा," ती म्हणाली. "आणि उद्या माझ्या सोलकढीत साखर घालून ती फ्रीझरमध्ये ठेवलीत ना, तर तुमचं पान गॅलरीत वाढीन."