बद्द आवाज

उस्मानाबादच्या दवाखान्यात डॉक्टरांनी यांच्या पाठीवर बोट ठेवून दुसऱ्या बोटानं टकटक केली. हे हसले. म्हणाले, "बद्द वाजतंय न्हवं, साहेब? आत पाणी शिरलंय." डॉक्टर बघतच राहिले. मी मान खाली घातली... तो आवाज माझ्या ओळखीचा होता. बाराव्या दिवशी हे गेले. त्याला आता दीड महिना होईल.

बहात्तरच्या दुष्काळात गाव खडी फोडायला गेलं आणि हे मुंबईला, बोटींच्या कारखान्यात. तिथं फायबरच्या बोटी दुरुस्त करायला शिकले. त्या बोटीचं अंग पुरणपोळीसारखं असतं, असं सांगायचे. दोन्ही बाजूंना काचेच्या कापडाचा कडक पापुद्रा, मधे हलका फोम. पापुद्र्याला चीर गेली की पाणी फोमात शिरतं, वरून काही दिसत नाही. म्हणून चार आण्याच्या नाण्यानं वाजवून बघायचं. धड जागी टण्ण, सडल्या जागी बद्द. गावी परतल्यावर हे घागर, भिंत, माझी भाकरीसुद्धा वाजवायचे. "कच्ची हाय गं!" ऐकून ऐकून माझाही कान तयार झाला.

बेंबळीजवळच्या तळ्यावर मच्छीमार सोसायटीची तशीच बोट होती. ती खडकावर आपटली. उन्हाळ्यानं पाणी आटत चाललेलं, म्हणून चेअरमनला ठिगळ त्याच दिवशी हवं होतं. हे म्हणाले, "ओल्यावर ठिगळ धरत न्हाय. वाळू द्या." ओला फोम खरवडून काढला, बोट तीन आठवडे उन्हात ठेवली, मग नवा फोम, नवं कापड बसवलं. तोवर तळं आटलं. चेअरमन चारचौघांत म्हणाले, "बोट वाळवता वाळवता तळंच वाळवलंस की रे!" लोक लई हसले. हेही हसले, पण त्यानंतर कुठल्याच बोटीला हात लावला नाही. पुढं पाऊस झाला, तेव्हा सोसायटीच उरली नव्हती.

यंदा खोकला लागला. तेल चोळताना पाठीवर थाप मारली, तर उजवीकडं बद्द. मी ओळखलं. पण नवऱ्याच्या अंगाला सडकं कसं म्हणायचं... लाजले, गप्प बसले. दवाखान्यात जायला दोन महिने गेले. ते दोन महिने माझे आहेत.

बोट अजून काठावर पडली आहे. सावलीला शेळ्या बसतात. काल मी यांचं नाणं घेऊन गेले, एका टोकापासून वाजवत आले. सगळीकडं बद्द. यांच्या ठिगळावर तेवढं टण्ण. पुन्हा एकदा वाजवलं. मग नाणं पदराला बांधून घरी आले.