दादाच्या दोन डब्या

सातारच्या स्टँडवर एसटीतून उतरले आणि भाच्याचा, दादाच्या मुलाचा, फोन आला, "आत्या, आप्पा गेलं." मी विचारलं, "कुठं?" त्याच सकाळी तर मी तासगावाहून, दादाच्या घरून, निघाले होते. त्याला सहा आठवडे झाले. आता रडू येत नाही, नुसतं दमायला होतं.

दादानं अठरा वर्षं फौजेत काढली. रक्तदाबाची गोळी त्याला माजी सैनिकांच्या दवाखान्यातून मिळायची, साखरेची गावातल्या डॉक्टरांकडून. दोघांच्या दोन फायली आणि गोळ्यांच्या दोन डब्या, वारांचे खण असलेल्या. शुक्रवारी बसून आठवड्याच्या गोळ्या भरायचा. इकडची फाईल तिकडे दाखव, म्हणून मी किती वेळा घसा कोरडा केला. "सुमे, एका सायबाची ऑर्डर दुसऱ्या सायबाला दावायची नसती. त्येचा अपमान हुतो." हट्टी माणूस. वर शनिवारी मारुतीचा कडक उपास, आणि उपासाला पाणी चालतं म्हणून गोळ्याही चुकवायच्या नाहीत.

त्या शनिवारी उसाला पाणी पाजून आला तो घामानं निथळत. सोप्यात टेकला आणि मलाच म्हणाला, "सुमी गेली व्हय गाडीला?" मी समोर उभी... थट्टा करतोय असं वाटलं, लहानपणापासून माझी खोडी काढल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. तरी हात हातात घेतला. "दादा, छातीत धडधडतंय का?" "न्हाई." हातही थरथरत नव्हता. ऊन लागलं असेल म्हणून पंखा लावला आणि गाडी चुकेल म्हणून निघाले. वहिनी गेल्यापासून घरात दिवसा तो एकटाच असायचा. दुपारी भाचा जेवायला आला तेव्हा सगळं संपलेलं होतं.

गावातल्या डॉक्टरांनी दुसरी फाईल नंतर पाहिली. मग म्हणाले, "उपाशीपोटी साखर उतरली असणार. एरवी छाती धडधडते, हात कापतात, माणूस सावध होतो. रक्तदाबाची ही गोळी नेमकं तेच झाकून टाकते. घाम तेवढा येतो." घाम तर मी पाहिला होता. गुळाची ढेप चार हातांवर होती. मला दादाचा राग येतो, माझा त्याहून जास्त येतो... आणि रागवायचीही ताकद आता उरलेली नाही.

तेराव्यानंतर भाचा त्या डब्या टाकून द्यायला निघाला, मी मागून घेतल्या. माझ्या उशाशी असतात. रविवारपासूनचे खण दोन्हींत शिस्तीत भरलेले आहेत. शनिवारचे तेवढे रिकामे. त्या गोळ्यांना पाणी मीच आणून दिलं होतं.