अक्तीच्या दिवशीचं आळं

शेजारची सून रोज सकाळी न्हाणीजवळच्या चुलीवर पाणी तापवते. आज तिच्या गवऱ्या ओलसर असाव्यात. धूर सरळ वर गेला नाही. मधल्या काट्यांच्या कुडावरून इकडे उतरला आणि माझ्या खाटेभोवती बसून राहिला, ओळखीच्या माणसाला बोलणं सुचू नये आणि उठून जाववूही नये तसा. मोहाची फुलं गळून संपली आहेत. झाडांना तांब्याच्या रंगाची कोवळी पानं फुटली आहेत आणि ऊन अजून तापायचं आहे. वैशाखातल्या अशा सकाळी शेणाच्या धुराचा वास आला की मी इथं राहत नाही. माझी शाळा दुसरीपावेतो झालेली, घोटून लिहिणं मला जमत नाही. पण ज्याच्या घरातलं माणूस गेलं आहे त्याला कळेल, वासाला दार लावता येत नाही.

गोष्ट जर्मनची पहिली लढाई सुरू व्हायच्या आधीची. आमचं गाव कामठ्याजवळ. मी गोंदियाला धान्याच्या आडतीवर पोती उचलायला होतो. सहा दिवस शहरात, हिंदी बोलणाऱ्या हमालांत, आणि शनिवारी दिवे लागायच्या आत तीन कोस चालत घरी. लग्नाला दुसरं वर्ष लागलं होतं. त्या साली अक्षय तृतीया, म्हणजे आमची अक्ती, सोमवारी आली. शेठ म्हणाला, "दो दिन की छुट्टी, मंगल को सबेरे दिखना." दोन दिवस! मी चाललो नाही, उडतच आलो. वाटेत ठरवलं की या सुट्टीत सांदवाडी अशी करायची की बायको पाहतच राहील. घराच्या मागच्या त्या तुकड्याला आम्ही सांदवाडी म्हणतो. पावसाळ्यात ती हिरवी गच्च असते आणि उन्हाळ्यात एखाद्या म्हाताऱ्या गाईसारखी हाडं काढून पडलेली. कुड मोडलेला, पालापाचोळा गुडघ्याएवढा, वांग्यांची वाळलेली खुंटं जिथल्या तिथं. तरी मला तो तुकडा आवडायचा. दिवसभर दुसऱ्याची पोती वाहणाऱ्या माणसाला स्वतःच्या मातीत वाकायला मिळालं की पाठ दुखत नाही, असा माझा अनुभव आहे.

रविवारी उजाडताच मी लागलो. बोरीच्या काट्या रचून कुड सारखा केला, पाला ओढून एका कोपऱ्यात लावला, खुंटं उपटली. बायको विहिरीवर गेली होती. म्हटलं, ती यायच्या आत न्हाणीचं पाणीही तापवून ठेवावं, म्हणजे दुप्पट खूश होईल. सरपण ओलं होतं. मागच्या भिंतीवर, छपराच्या सावलीत, पाच लहान लहान गवऱ्या थापलेल्या दिसल्या. तळहाताएवढ्या, प्रत्येकीवर बोटं दाबून केलेली नक्षी. मला वाटलं उरल्यासुरल्या शेणाच्या असतील. खरवडून काढल्या आणि चुलीत घातल्या. मस्त पेटल्या. आत काहीतरी तडतडलं. शेणात धान गेलं असेल म्हणून मी एकटाच हसलो.

ती आली. डोक्यावर दोन घागरी. तिनं आधी कुड पाहिला, मग झाडलेली जागा पाहिली, आणि तोंडावर हसू यायच्या आतच भिंत पाहिली.

"अजी, इथल्या गवऱ्या कुठं गेल्या?"

"कोन्त्या?"

"त्या पाच लहान्या."

"त्याच तं जळून राहिल्या," मी म्हणालो. "पाह्य, पानी कसं कडक झालं."

घागरी तिनं खाली ठेवल्या. आपटल्या नाहीत, हळू ठेवल्या. तिच्या हळू ठेवण्याचीच मला पुढं जन्मभर भीती वाटत आली.

"माही माय जाळली तुमी," ती म्हणाली.

त्या गवऱ्यांत भोपळ्याच्या बिया होत्या. ज्याची मान बारीक आणि पोट गरगरीत, कोवळा असताना भाजीला आणि वाळला की पाण्याच्या तुंब्याला चालतो, तो भोपळा. तिची माय दर साली बिया राखेत घोळून शेणात थापून ठेवायची आणि अक्तीच्या दिवशीच आळ्यात टाकायची. माय त्याआधीच्याच पुसात, म्हणजे पौषात, वारली होती. आमची ही एकुलती एक. बाप आधीच गेलेला, भाऊ नाही. चुलत्यांनी त्या घरात म्हशी बांधल्या आणि सांदवाडीवर नांगर फिरवला होता. म्हणजे मायचं म्हणून जगात जे काही उरलं होतं ते हिनं आणून आमच्या भिंतीवर थापलं होतं, आणि ते मी आंघोळीच्या पाण्याखाली घातलं.

चूक कबूल करायची मला सवय नव्हती. मी उलट बोललो. "मले का माहीत? बिया मानूस मडक्यात ठेवते. शेनात कायले थापते?"

"मडक्यात कीड लागते. तुमच्या घरी सांगतलं नाही का कोनी?"

"आमच्या घरी भोपळा दुसऱ्याच्या कुडावरून तोडाची रीत हाय."

एरवी ती हसली असती. त्या दिवशी ती चुलीपुढं बसली आणि काटकीनं राख उकरू लागली. एकेक काळी बी बाहेर काढून बोटांनी दाबायची, तिचा भुगा व्हायचा. चौथ्या बीनंतर मला ते बघवेना. मी विचारलं, हे बी आणखी कोणाकडे गेलं होतं का. तिनं हातातली काटकी चुलीत टाकली. मग म्हणाली, तिची लहानपणची मैत्रीण दरेकशाला दिली आहे, तिच्या लग्नात मायनं ओटीत बिया घातल्या होत्या. पण चार वर्षं झाली. लावल्या असतील, नसतील.

"चाल," मी म्हणालो.

"कुठं?"

"दरेकशाले. गाडीनं."

ती तोवर आगगाडीत बसली नव्हती. तिचा राग अर्धा तिथंच ओसरला, पण तसं दिसू नये म्हणून तिनं वाटभर तोंड फुगवून ठेवलं. गोंदियापावेतो माझ्यामागं दहा पावलं अंतर ठेवून चालली. डब्यात मात्र खिडकीला अशी चिकटली की एका बाईनं विचारलं, "पहली बार बैठी क्या, बहू?" ही म्हणाली, "नही, रोज बैठती." तिचं हिंदी तेवढंच. पळस मागं पळत होते, धानाच्या वाळलेल्या बांध्यांचे चौकोन फिरत होते. आमगावच्या पुढं डोंगर जवळ आले तशी ती मला न बघता म्हणाली, "भिंतीवरून काढताना हातानं काढल्या का खुरप्यानं?" मी म्हणालो, हातानं. ती म्हणाली, "बरं." याचा अर्थ मला आजही नीट सांगता येणार नाही, पण त्या 'बरं'नंतर ती माझ्या बाजूला सरकून बसली.

मैत्रिणीचं घर टेशनापासून जवळच होतं, मोहाच्या झाडाखाली. दोघी गळ्यात पडल्या, मायसाठी रडल्या, मग ही सगळं सांगू लागली. सांगताना माझ्याकडे बोट. मैत्रिणीनं मला आपादमस्तक पाहिलं.

"जवाईबापू, मानसानं चुलीजवळ जाऊ नये मनतेत ते यासाठीच."

मी मान खाली घातली. मैत्रिणीनं वर पाहिलं, म्हणून आम्हीही पाहिलं. आढ्याला एक वाळलेला भोपळा टांगला होता, धुरानं पिवळा पडलेला. तोच, बारीक मानेचा. हलवला तेव्हा आत थोडंसं खुळखुळलं. पण तो तिच्या नवऱ्याच्या तुंब्यासाठी राखलेला होता. नवरा जंगलात लाकूड तोडायला जायचा. तुंबा करायचा तर मानेपाशी भोक पाडून आत पाणी भरून चार-आठ दिवस ठेवावं लागतं. गर सडून बियांसकट बाहेर येतो आणि भोपळा शाबूत राहतो. पण तसं भिजलेलं बी पुढं रुजत नाही, आणि आठ दिवस कोणाजवळ होते? अक्ती उद्यावर होती. कोरडं बी हवं तर भोपळाच फोडावा लागणार होता, आणि त्या साली वेलाला धरलेला तो एकच.

माझी बायको म्हणाली, "राहू दे वं. पुढच्या साली नेईन."

"पुढच्या साली मी असन का नाही कोनाले माहीत," मैत्रीण म्हणाली. "मावशीनं माह्या ओटीत बी मुठीनं घातलं होतं, मोजून नाही." तिनं भोपळा काढला, दारातल्या दगडावर एकदाच आपटला. "माहा मानूस आता वर्सभर नाल्यावर वाकून पानी पेईल. त्याची कंबर तं मोकळी होईल!"

त्यावर माझी बायको हसली. पुसापासून पहिल्यांदा. ते हसणं ऐकलं आणि मला, खरं सांगतो, बिया जाळल्याचं वाईट वाटायचं थांबलं.

परतीची गाडी दुसऱ्या दिवशी होती. सोमवारी सकाळी मैत्रिणीनं आम्हाला डोंगराकडे नेलं. धबधब्याच्या जागी कातळावर नुसती ओली रेघ होती, तिच्याखाली ओंजळभर पाणी, त्यात आभाळ. दोघींनी चारं, म्हणजे चारोळीची फळं, तोडून खाल्ली, दातांना जांभळा रंग लावून एकमेकींना दाखवला. एक मालगाडी बोगद्यात शिरताना दिसली. माझी बायको म्हणाली, "साप बिळात जाते तसा जाते, पन सापाले शेपूट किती!" त्या कातळाच्या सावलीत मी तासभर आडवा पडलो. ना पोती, ना मुकादम. पुढं मी पुष्कळ सुट्ट्या पाहिल्या, तशी एकही नाही.

गाडी उशिरा आली. गोंदियाला उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं, आणि सूर्य बुडाल्यावर टाकलेलं बी तिच्या मते अक्तीचं नव्हतं. तीन कोस आम्ही पळालोच म्हणा. बियांची पुरचुंडी तिच्या पदरात, पदर मुठीत. घरी पोचलो तेव्हा सूर्य बांधावरच्या बाभळीला टेकला होता. जमीन दगडासारखी. मी सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेतली आणि घाव घालत सुटलो. तिनं राख आणली, जुनं खत आणलं. आळं जेमतेम हातभर झालं असेल, तिनं सात बिया टोचल्या आणि वरून माती सारली. सूर्याची कड अजून दिसत होती.

मग तिनं लोटा भरून आणला, आळ्यात पाणी सोडलं आणि अगदी हळू म्हणाली, "घे माय."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अक्तीला पितरांना पाणी द्यायचं. माझ्या बापाचं पाणी थोरल्या भावाच्या घरी दुपारीच होऊन गेलं होतं. पण सासूला कोण देणार? मुलगा नाही, आणि आमच्यात दिलेल्या लेकीनं माहेरच्या पितरांना पाणी द्यायची रीत नाही. तिनं रीत मोडली नव्हती. ती भोपळ्याला पाणी घालत होती. कोण काय म्हणेल?

मी घरात गेलो. वहिनीनं पितरांच्या ताटातला आंबा आमच्यासाठी आणून ठेवला होता. तो पळसाच्या पानावर घेऊन आलो आणि आळ्याच्या काठावर ठेवला.

"हे काऊन?" ती म्हणाली.

"पाहुन्याले कोनी नुसतं पानी देते का वं?"

तिनं पदरानं माझ्या हाताची माती पुसली.

सातांतले चार वेल आले. भादव्यात छपरावर भोपळेच भोपळे झाले. पहिला वाळलेला भोपळा तिनं स्वतः तुंबा करून दरेकशाला पोचवला. नंतर मुलगा झाला, घर वाढलं, मालक बदलले, दुसरी लढाईही होऊन गेली. दर अक्तीला ती आळं करायची आणि मी सब्बल धरायचो. गेल्या वर्षी आषाढात ती गेली. किती ओढ लागते ते लिहीत नाही, लिहून ती कमी होत नाही.

यंदा अक्तीला मुलानं तिला पाणी दिलं, रीतीनं, पत्रावळीवर आंबा ठेवून. तिचं झालं. पण सासूचं राहिलं होतं. ऊन उतरल्यावर मी एकटाच मागं गेलो. सब्बल आता उचलत नाही, खुरप्यानंच उकरलं, दमलो की बसलो. बिया टोचल्या, लोटा सोडला. 'घे माय' मला म्हणता आलं नाही, ती माझी माय नव्हती. म्हणालो, "तुमच्या लेकीनं पाठवलं."

मी गेल्यावर हे आळं कोण खणेल ते मी कोणाला सांगून ठेवलेलं नाही. सांगून कोणी करत नसतं. भोपळा चांगला लागला, तर लोक आपणच येऊन बी मागतात.