बाईंचा घसा बसला तेव्हा

बालवर्गाच्या बाईंना सगळी गल्ली 'भोंगा' म्हणायची आणि बाईंना त्याचं काही वाटायचं नाही. त्यांनी खणखणीत 'एक' म्हटलं की पोरं शंभर गाठूनच दम घ्यायची. पालक दारात उभे राहून कौतुकानं ऐकायचे.

मग बाईंचा घसा बसला. गुळण्या झाल्या, औषधं झाली; शेवटी डॉक्टरांनी घशातली गाठ काढली आणि बजावलं, महिनाभर तोंडातून अक्षर काढायचं नाही. नवरा म्हणाला, रजा टाक. पण घरी बसून बाईंना भिंती खायला उठल्या आणि त्या वर्गावर हजर झाल्या.

पहिल्याच दिवशी वर्गाचा बाजार झाला. बाई टाळ्या वाजवून थकल्या, डोळ्यांत पाणी आलं. संध्याकाळी शिवणाचा डबा आवरताना हाताला सुटी बटणं लागली. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती सतरंजीवर ओतली आणि मुकाट्यानं ओळ मांडायला घेतली. लाल, पांढरं, पांढरं; पुन्हा लाल, पांढरं, पांढरं. मग हात आवरून त्या पोरांकडे बघत बसल्या.

गलका हळूहळू ओसरला. वर्गात कधीच तोंड न उघडणारी एक पोरगी होती, तिला सगळे 'मुकी' म्हणायचे. ती सरकत पुढे आली आणि लाल बटण ठेवून गेली. तेवढ्यात एका दांडगोबानं त्याच्या शेजारी मुद्दाम हिरवं घुसवलं.

मुकीनं ते उचललं. "आता पांढऱ्याची पाळी आहे," ती म्हणाली.

बाई बघतच राहिल्या. इतके दिवस हिचा आवाज आपल्याच आवाजाखाली दबला होता की काय, अशी चुटपुट त्यांना लागली. बोटं दाखवून त्यांनी दांडगोबाकडे पाच बटणं मागितली. शंभरापर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या त्या पठ्ठ्यानं मूठभर आणून दिली.

तेव्हापासून वर्ग सतरंजीवर उतरला. टाळी, टाळी, मांडीवर थाप, असे ठेके सुरू झाले. खोक्यांचे पुठ्ठे कापून त्रिकोण आले. दोन त्रिकोण पाठीला पाठ लावले की चौकोन होतो, हा शोध दांडगोबानं लावला आणि दिवसभर ज्याला त्याला पकडून दाखवला. पालक कुरकुरले, पोरं अंक म्हणायची सोडून बटणं काय खेळतात? ती तक्रार घेऊन मोठ्या बाई बघायला आल्या. पोरांनी त्यांनाही मांडी घालून बसवलं आणि पुढचं बटण कुठलं ते विचारलं. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

बाईंचा आवाज परतला, पण घोगरा, बारीक. पोरं ऐकायला जवळ येऊन बसू लागली. सतरंजी बाईंनी गुंडाळली नाही.

एके दिवशी मुकीची आई तक्रार घेऊन आली. "बाई, हिला काहीतरी सांगा. दारातल्या चपला ही एक मोठी, एक छोटी अशा मांडून ठेवते. हिचे बाबा सकाळी कामाला निघतात, तर एक चप्पल या टोकाला, एक त्या टोकाला. आणि उचलली तर रडते, माझी ओळ मोडली म्हणून."

बाई घोगऱ्या आवाजात हसत सुटल्या. आईही हसली.